केरळची बातमी पुण्यात दिल्लीमार्गे

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते. आमच्या मजल्यावर एक मल्याळी कुटुंब आहे, समोर कानपूरचे. सकाळी लिफ्टपाशी गप्पा झाल्या की वाटतं आम्ही तिघं तीन वेगळ्या देशांत राहतो, त्यांच्या पेपरात पहिल्या पानावर जे असतं ते माझ्या पेपरात कुठ्ठेच नसतं. मराठी पेपरवाले केरळची बातमी पूर आला तरच देतात का?

उत्तर : ताई, देतात हो अधूनमधून, पण ती येते कशी ते बघा. कोझिकोडला काहीतरी घडतं, पीटीआय या वृत्तसंस्थेचा माणूस ते इंग्रजीत लिहितो, कॉपी दिल्लीच्या डेस्कवरून फिरते, हिंदी पेपरांना निदान पीटीआयची 'भाषा' सेवा 1986 पासून आहे, आणि इकडे पुण्यात संध्याकाळी एखादा उपसंपादक चार पानं एकटा सांभाळत ती मराठीत उतरवतो, तोवर खालची जाहिरात अर्धं पान खाऊन बसलेली. उरलेल्या दोन इंचात काय मावणार? पूर, अपघात, नाहीतर दिल्लीच्या राजकारणाशी जोडलेलं काहीतरी. मल्याळी पेपरातून मराठी पेपरात थेट रस्ता जवळजवळ नाहीच, मधे इंग्रजीचा टोलनाका.

आणि हे आजचं नाही. 1832 चं 'दर्पण' काढलं बाळशास्त्री जांभेकरांनी तेच मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत. 1881 ला आपल्या पुण्यात 'केसरी' निघाला मराठीत, पण सोबत इंग्रजी 'मराठा' लागलाच, कारण सरकारला आणि बाहेरच्या प्रांतांना ऐकू जायचं तर मराठीत ओरडून काय उपयोग!

केरळ तर लांबच राहिलं, तुमचं माहेर लातूरचं असेल तर तिथली बातमी तरी पुणे आवृत्तीत कुठे दिसते? तेलुगू 'ईनाडू' 1974 ला विशाखापट्टणमला सुरू झाला आणि पुढे त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळी पानं काढली, मग ती पद्धत बाकी भाषांतही पसरली. फायदा असा की गावच्या बंद पडलेल्या नळाची पण बातमी होते, तोटा असा की ती त्या जिल्ह्याबाहेर जातच नाही. मला विचाराल तर हा तोटा मोठा आहे, एकाच पेपराच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर मास्टहेड, म्हणजे वरचं पेपराचं नाव, सोडून काहीच जुळत नाही कधीकधी.

म्हणून लिफ्टपाशी विचारत जा त्यांना, आज तुमच्याकडे पहिल्या पानावर काय? एजन्सीपेक्षा लवकर कळेल.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो, दिवसभर एफएम चालू. गाणी, बडबड, जाहिराती सगळं असतं मग बातम्या का नाहीत?

उत्तर : दादा, खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच दिलेली नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, बस. टीव्ही चॅनलवाल्यांनी चोवीस तास आरडाओरडा केला तर चालतो, रेडिओने पाच मिनिटं नाही, हे गणित मलाही कळलेलं नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने 2023 मध्ये तासाला 10 मिनिटं बातम्या देऊ द्या अशी शिफारस केली होती. तुमच्यासाठी आकाशवाणी पुणे आहेच, सकाळी 7.10 ला प्रादेशिक बातम्या, पण तेव्हा तुम्ही शाळेच्या पोरांना घेऊन चौकात अडकलेले असणार, आवाज जरा मोठा ठेवा.