सगळ्यांचे ग्रुप झाले, मी मात्र एकटाच

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे दोन-तीन महिने उलटले की समुपदेशन कक्षात एकच काळजी वेगवेगळ्या नावांनी येऊ लागते. कोणी सांगते की अभ्यासात लक्ष लागत नाही, कोणाला शाखा बदलायची असते, कोणाला सकाळी उठून वर्गात जाणेच नकोसे झालेले असते. आणि थोडे बोलणे झाले की खरी गोष्ट बाहेर पडते: ‘सगळ्यांचे ग्रुप झाले, माझेच कोणी नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार.’ ही काळजी इतकी सर्रास आढळते की एका विद्यार्थ्याच्या निमित्ताने तिच्याबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षातला हा मुलगा आला तो एकाग्रतेची तक्रार घेऊन. मित्रांचा विषय त्याने सुरुवातीला काढलाच नाही. मुलगे सहसा तो काढत नाहीत. ‘मला मित्र नाहीत’ असे म्हणण्यापेक्षा ‘मला गणित जमत नाही’ असे सांगणे त्यांना कमी लाजिरवाणे वाटते. रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलमध्ये दिवसभराच्या चार-दोन ओळी लिहून ठेवण्याची त्याला सवय होती. थोडा विश्वास बसल्यावर त्याने त्यांतल्या काही नोंदी वाचून दाखवल्या. ‘आज दोन लेक्चरच्या मध्ये पाऊण तास मोकळा होता. ग्रंथालयात जाऊन बसलो. तिथे एकटे बसलेले विचित्र दिसत नाही.’ ‘वर्गातल्या सात-आठ जणांचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे हे आज कळले. कधी झाला?’ ‘आपापले गट करा असे सरांनी सांगितले की पोटात गोळा येतो.’ ‘प्रॅक्टिकलच्या जोडीदाराने विचारले, तू शाळेतही असाच गप्प होतास का? नाही म्हणालो. खरेच नव्हतो.’

अशा वेळी मैत्रीच्या प्रश्नाकडे वळण्याआधी काही गोष्टी तपासणे आवश्यक असते. झोप आणि भूक कशी आहे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत अजून रस वाटतो का, उदासी दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ दिवसभर टिकून राहते का, लोकांसमोर बोलण्याची भीती महिनोन्‌महिने चालू आहे का आणि तिच्यामुळे वर्ग किंवा परीक्षा टाळली जाते का, जगणे नकोसे झाल्याचे विचार मनात येतात का, हे सर्व मी त्याला स्पष्ट शब्दांत विचारले. यांपैकी काही आढळले असते तर त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे हेच पहिले काम ठरले असते. तसे काही नव्हते. तो जेवत होता, झोपत होता, जुन्या शाळासोबत्यांशी फोनवर तासन्‌तास हसून बोलत होता. एकाकीपणा खरा होता, पण तो आजार नव्हता.

मोबाइलवर काहीबाही वाचून त्याने स्वतःला ‘इंट्रोव्हर्ट’ असे लेबल मात्र लावून टाकले होते. या लेबलाबद्दल मला तक्रार आहे. स्वभाव अंतर्मुख असणे हे काही चुकीचे नाही आणि अंतर्मुख माणसांनाही घट्ट मित्र असतात. परंतु अठराव्या वर्षी, नव्या ठिकाणी आल्यावर तीन महिन्यांत तो शब्द स्वतःला चिकटवला की पुढे काही करून पाहण्याचे कारणच उरत नाही. म्हणून मी त्याला शाळेतल्या मित्रांविषयी विचारले. ते कसे मिळाले? त्याने बराच विचार करून उत्तर दिले, ‘मिळवले नाहीत, मॅडम. एका बाकावर बसायचो, तेवढेच.’

त्याच्या प्रश्नाचा मोठा भाग या उत्तरातच होता. मैत्री मुख्यतः मने जुळल्याने होते असे आपण मानतो, पण जवळ असणे त्याआधी येते. लिओन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या विषयात आजही उद्धृत केला जातो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थी-वसाहतीत कुटुंबांना घरे आवडीनुसार निवडता येत नव्हती, जे रिकामे होई ते मिळे. तरीही एकाच मजल्यावरच्या शेजाऱ्यांपैकी अगदी लागून राहणाऱ्यांना मित्र म्हणून निवडण्याचे प्रमाण ४१ टक्के होते, एक घर सोडून राहणाऱ्यांसाठी ते २२ टक्क्यांवर आले आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये अवघे १० टक्के उरले. शाळेतला बाक हेच काम करत होता. शिक्षकांनी जागा ठरवून दिली, वर्षानुवर्षे तीच मुले शेजारी आली, आणि मैत्रीला लागणारा वेळ कोणाच्याही लक्षात न येता जमा होत गेला.

महाविद्यालयात ही व्यवस्था मोडते. बाक ठरलेला नसतो, तासानुसार वर्ग बदलतो, प्रॅक्टिकलच्या बॅच वेगळ्या असतात. त्यात हा मुलगा घंटा होता होता वर्गात शिरायचा, मिळेल त्या जागी बसायचा आणि तास संपताच सर्वांत आधी बाहेर पडायचा, कारण रेंगाळले की आपण एकटे आहोत हे दिसेल अशी त्याला भीती होती. एकटेपणा लपवण्याच्या या खटपटीमुळेच तो अधिक एकटा पडत होता.

कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील अंदाज मी त्याला सांगितला. नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर होण्यास सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, बऱ्यापैकी मैत्रीसाठी सुमारे ९० आणि जवळच्या मैत्रीसाठी २०० हून अधिक. शिवाय केवळ कामानिमित्त एकत्र असलेल्या तासांचे मोल मोकळ्या वेळेइतके नसते. हे आकडे म्हणजे नियम नव्हे, पण हिशेब मांडायला उपयोगी पडतात. त्याने हिशेब मांडला तेव्हा वर्ग आणि प्रयोगशाळा वगळता कोणाही एका सहाध्यायाबरोबर त्याचे तीन महिन्यांत पाच-सहा तासही झाले नव्हते. आतापर्यंत जो निकाल तो स्वतःच्या स्वभावावर देत होता, तो प्रत्यक्षात वेळापत्रकावर द्यायला हवा होता. त्याच्या चेहऱ्यावर थोडी चिडही दिसली. इतके साधे कारण असेल तर एवढे दिवस आपण उगाच झुरलो, असे त्याला वाटले असावे.

‘पण बाकीच्यांना इतक्या लवकर कसे जमले?’ हा त्याचा पुढचा प्रश्न होता, आणि तो जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. ॲशली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील एका विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हेच विचारले होते. त्यांपैकी ४८ टक्के जणांना आपल्यापेक्षा इतरांना जवळचे मित्र जास्त आहेत असे वाटत होते. उलट वाटणारे ३१ टक्केच होते. याचे कारण उघड आहे. इतर लोक आपल्याला दिसतात ते चारचौघांत असताना. ते खोलीत एकटे बसलेले असतात तेव्हा आपण तिथे नसतो. ज्या मोकळ्या पाऊण तासात हा मुलगा ग्रंथालयात जाऊन बसे, त्या वेळी तिथे आणखी कोण कोण एकटे बसलेले असते, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

आम्ही जे ठरवले ते अगदी किरकोळ वाटेल असे होते, आणि ‘मित्र जोडणे’ हा शब्दप्रयोग त्यातून मुद्दाम वगळला होता. वर्गात शक्यतो एकच जागा धरायची, दहा मिनिटे आधी पोहोचायचे, प्रॅक्टिकल संपल्यावर लगेच नाहीसे व्हायचे नाही. ‘कोणाशी बोललोच नाही तर नुसते बसून काय होणार?’ असे त्याने विचारले. रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांच्या १९९२ सालच्या प्रयोगात दिसायला साधारण सारख्या असलेल्या चार तरुणी एका वर्गात अनुक्रमे शून्य, पाच, दहा आणि पंधरा तासांना येऊन बसल्या. त्या कोणाशीही बोलल्या नाहीत. सत्राच्या शेवटी छायाचित्रे दाखवली तेव्हा जी जितक्या जास्त वेळा आली होती ती विद्यार्थ्यांना तितकी अधिक आवडण्याजोगी वाटली. डोळ्यांना सवय झालेल्या माणसाशी पहिले वाक्य बोलणे दोन्ही बाजूंना सोपे जाते. घरचे लोक ‘तू स्वतःहून बोल ना’ असा जो सल्ला देतात तो चुकीचा नसतो, पण त्याआधीची ही पायरी ते गाळून टाकतात.

पुढचे काही आठवडे सरळ गेले नाहीत. एकदा त्याने शेजारच्या मुलाला तासानंतर थांबण्याविषयी विचारले. तो घाईत होता, नाही म्हणाला आणि निघून गेला. आमच्या भेटीत हा प्रसंग त्याने कायमचा नकार म्हणून सांगितला. ‘आज जमणार नाही’ आणि ‘तू नको आहेस’ यांतले अंतर त्याला दिसत नव्हते. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या २०१८ सालच्या संशोधनात असे आढळले होते की पहिल्या संभाषणानंतर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज माणसे प्रत्यक्षापेक्षा कमी करतात, आणि वसतिगृहातल्या खोलीसोबत्यांमध्ये हा गैरसमज अनेक महिने टिकून होता. त्याने त्याच मुलाला पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारले. त्या वेळी तो थांबला.

त्या सात-आठ जणांच्या ग्रुपचे मात्र वेगळेच झाले. त्यांनी एकदा त्याला बरोबर नेले. तो परतला तो गोंधळून. दिवसभर तिथे हजर नसलेल्या मुलांची टिंगल चालली होती आणि त्याला सारखी धास्ती होती की आपण उठून गेलो की आपलाही नंबर लागणार. त्याला त्या ग्रुपमध्ये असायचे होते, पण त्या माणसांविषयी त्याला फारशी ओढ नव्हती, हे त्याने स्वतःच ओळखले. पहिल्या काही आठवड्यांत जमलेले बरेचसे ग्रुप आवडीपेक्षा एकटे पडण्याच्या भीतीतून तयार होतात आणि दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांची फेरमांडणी होते, असे मी वारंवार पाहिले आहे. ते वाईट असतात असे नाही, पण त्यांत नसणे म्हणजे नापास होणेही नाही.

त्याच्या नोंदींत प्रॅक्टिकलचा जोडीदार जवळजवळ प्रत्येक आठवड्यात डोकावत होता. तो काय म्हणाला, कशावर हसला, कोणते रीडिंग दोघांनी मिळून चुकवले. मी विचारले, ‘मित्र म्हणून तू याचे नाव का घेत नाहीस?’ ‘त्याच्याशी बोलावेच लागते, मॅडम. आमचे रोल नंबर पाठोपाठ आहेत.’ पाठोपाठचे रोल नंबर म्हणजे शाळेतला बाकच, हे मला सांगावे लागले नाही. तो बोलता बोलताच थांबला. त्यानंतर जर्नल पूर्ण करण्यासाठी ते दोघे एकत्र बसू लागले, आणि जर्नल झाल्यावरही काही वेळ तिथेच असत.

एकाग्रतेची तक्रार अजून पूर्ण गेलेली नाही, आणि तिचा काही भाग अभ्यासाच्या पद्धतीशी निगडित असल्यामुळे त्यावर आम्ही स्वतंत्रपणे काम करत आहोत. काही दिवस तो अजूनही एकटा असतो आणि त्याचा त्याला त्रासही होतो. पुढच्या सत्रात बॅच बदलणार असल्याने जोडीदाराबरोबरचा ठरलेला वेळ हातचा जाईल, हे त्याच्या आधीच लक्षात आले. म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र अभ्यासाला राखून ठेवावी का, हे त्याने जोडीदाराला विचारले आहे आणि जोडीदाराने होकार दिला आहे. आमची पुढची भेट नवे वेळापत्रक लागल्यानंतर ठेवली आहे.