टर्बो हॉट हॅच ट्रॅकवर चालवायची आहे. आधी रीमॅप करू की एक्झॉस्ट?

निदान आत्ता तरी दोन्ही नको, ना रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलणं), ना एक्झॉस्ट. तुम्ही लिहिलंय की गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, दोन लिटर टर्बो, बाकी सगळं कंपनीचंच, आणि पाच-सहा लॅपनंतर ब्रेक ‘गेल्यासारखे’ वाटतात. मग आधी ब्रेकच. आहे तो वेग जिला आवरत नाही, तिला आणखी वेग देऊन काय मिळणार?

‘गेल्यासारखे’ म्हणजे नेमकं काय, ते आधी ओळखा. दुखणी दोन आहेत आणि औषधं वेगळी. पेडल मऊ पडून खाली जातंय आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येतंय, तर कॅलिपरमधलं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं) ब्रेक फ्लुइड उकळलंय. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा जोर त्या बुडबुड्यांतच जिरतो. पेडल टणक आहे, पाय जीव खाऊन दाबतोय आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या पलीकडे गेलेत.

फ्लुइड हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या मानकानुसार नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश हवा, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. रोजच्या रस्त्यावर हा फरक जाणवतही नाही, ट्रॅकवर मात्र तिसऱ्या लॅपलाच कळतो. म्हणून दर मोसमात पूर्ण फ्लुइड बदला आणि ट्रॅक डेच्या आधी चारही कॅलिपर ब्लीड करा, म्हणजे त्यांतली हवा बाहेर काढा. आकडा जवळचा दिसतो म्हणून डॉट ५ मात्र ओतू नका. ते सिलिकॉनचं असतं, जातच वेगळी. स्टीलच्या जाळीचे होज लावले तर पेडल घट्ट लागेल, पण त्याने उकळणं थांबत नाही.

पॅड ट्रॅकचे घ्या, आणि ते थंड असताना नीट धरत नाहीत, किंचाळतात, चाकं काळी करतात, हे गृहीत धरा. नवे असताना बेडिंग (हळूहळू तापवून डिस्कवर बसवणं) केल्याशिवाय जोरात वापरायचे नाहीत. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला झकास, पण तापून-थंड होऊन तडे बहुतेक त्या भोकांपासूनच सुरू होतात. साधी, जाड, हवेशीर डिस्क पुरते. शेवटचा लॅप ब्रेक फारसे न वापरता काढा आणि आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. २००९ च्या गोल्फ जीटीआयमध्ये एक्सडीएस आलं, तशा प्रणाली आता अनेक हॅचमध्ये आहेत. वळणात आतलं पुढचं चाक फिरकू नये म्हणून त्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते. म्हणजे तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर असतानाही पॅड तापतच असतात! हेच काम यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक फिरकू लागलं की ताकद दुसऱ्याकडे वळवणारा) ब्रेकला हातही न लावता करतो. होंडाने १९९७ च्या सिव्हिक टाइप आरमध्ये तो कारखान्यातूनच दिला होता. माझ्या मते इंजिनावर करायच्या खर्चाआधी त्याचा नंबर लागतो.

आता टायर. आत आल्या आल्या खाली वाकून पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा बघा. तिथे रबराचे कंगोरे गोल झालेत, पीळ पडून रबराच्या अळ्या चिकटल्यात आणि आतली बाजू जवळपास नवी आहे, असं दिसलं तर गाडी कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत कल, मागतेय. मॅकफर्सन स्ट्रट या प्रकारच्या सस्पेन्शनवर बॉडी झुकली की बाहेरचं चाक खांद्यावर उभं राहतं, आणि वळवणं, ओढणं, बरंचसं थांबवणं ही तिन्ही कामं त्याच चाकाकडे. पुढे उणे दोन ते अडीच अंश कॅम्बर मिळाला तर अंडरस्टिअरची (नाक वळणाबाहेर सरकण्याची) अर्धी तक्रार तिथेच मिटते. कॅम्बर प्लेट लागतील, पण त्या रीमॅपपेक्षा जास्त सेकंद कमावून देतात. हवेचा दाब मोजायचा तो टायर गरम असताना. गरम टायरमधली हवा कमी केली असेल तर घरी निघताना पुन्हा भरायला विसरू नका.

मागचा अँटिरोल बार (बॉडीचं झुकणं कमी करणारा दांडा) जाड केला की गाडीचं नाक छान आत वळतं. मात्र वळणात दचकून ॲक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू पुढे यायला बघते. प्यूजो २०५ जीटीआयची कीर्ती आणि दहशत, दोन्ही याच सवयीमुळे. पावसात तर जपूनच.

ऑइलची पातळी वरच्या खुणेला भिडलेली ठेवा, खुणेच्या वर नाही. लांब वळणात ऑइल सम्पच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) एका बाजूला जातं आणि ऑइल खेचणारा पिकअप हवा ओढू शकतो. ऑइलचं तापमान १३० अंशांच्या पुढे सरकलं तर एक लॅप हळू घ्या. चाकांचे बोल्ट दर सेशननंतर, चाकं निवल्यावर, टॉर्क रेंचने तपासा.

ताकद न वाढवता काय होतं, ते रेनोने २००८ मध्ये मेगान आर२६.आरवर दाखवलं. इंजिन २३० अश्वशक्तीचंच, वजन १२३ किलो कमी, मागची सीट काढलेली, आणि जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकवर ८ मिनिटं १७ सेकंद. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या उत्पादन गाड्यांत तेव्हा तो विक्रम होता.

हे सगळं झाल्यावरही रीमॅप हवाच असेल तर आधी मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) लावा. नाहीतर आत जाणारी हवा तापते, ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगीची वेळ मागे घेतो आणि वाढवलेली ताकद दोन लॅपमध्ये गायब. सध्या अलाइनमेंटच्या कागदावर पुढच्या कॅम्बरचा आकडा काय आहे आणि पेडल मऊ पडतं की टणक राहतं, एवढं कळवा. पॅड कुठल्या प्रकारचे घ्यायचे ते त्यावरून सांगतो.