ऑर्किड मेलंय की रुसलंय?

प्रश्न : ताई, वाढदिवसाला मिळालेलं जांभळं फॅलेनॉप्सिस ऑर्किड फुलं गळल्यावर गॅलरीत तसंच पडून राहिलं, दीड वर्ष झालं, आता चारच पानं उरलीत तीही सुरकुतलेली. रोज पाणी घालतेय तरी काही नाही. टाकून देऊ का? – एक वाचक, पुणे

उत्तर : अगं थांब, टाकू नकोस! आणि आधी ते रोजचं पाणी बंद कर, कारण पानं सुरकुतली म्हणजे तहानच लागलीय असं नसतं, मुळं कुजली की पाणी वर चढतच नाही. कुंडीतून काढून मुळं दाबून बघ, मऊ तपकिरी असतील ती स्वच्छ कात्रीने काप, टणक असतील ती ठेव. मग कोळसा, विटांचे तुकडे आणि झाडाच्या सालीचे तुकडे, एवढ्यातच लाव. माती अजिबात नको (नर्सरीवाला काहीही म्हणो). मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असली की नाही. पानांच्या मधल्या गाभ्यात पाणी साचू देऊ नकोस, तिथूनच सडतं. पूर्वेची खिडकी बेस्ट.

फुलाची घाई नको, आधी नवीन पान, नवीन मूळ येऊ दे. मग नोव्हेंबर-डिसेंबरात रात्रीचं तापमान १५-१८ अंशांपर्यंत उतरलं की काही आठवड्यांत फुलांचा दांडा निघतो, पुण्याची थंडी त्याला फुकटात मिळते बघ.