कम्युनिटी कॉलेजातून यूसीला जायचंय? आधी केमिस्ट्री सुरू करा

कॅलिफोर्नियात विज्ञान मेजरसाठी (मुख्य विषयासाठी) कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून, यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्सफर घेणार असाल तर पहिल्या सत्राची नोंदणी करायच्या आधी असिस्ट डॉट ऑर्ग ही वेबसाइट उघडा. तुमचं कॉलेज, हवं ते यूसी कॅम्पस आणि मेजर निवडलं की तुमचा कोणता कोर्स तिथल्या कोणत्या कोर्सच्या जागी धरतात, ते ओळीनं दिसतं. तीन-चार कॅम्पसच्या याद्या शेजारी ठेवा आणि त्यातली सगळ्यात कडक यादी धरून चाला.

नवे विद्यार्थी अडकतात ते क्रमामुळे. जनरल केमिस्ट्रीची दोन सत्रं झाल्याशिवाय ऑरगॅनिक केमिस्ट्री मिळत नाही आणि तिलाही दोन सत्रं लागतात. झाली दोन वर्षं! त्यामुळे पहिल्याच सत्रात केमिस्ट्री आणि गणित घ्याच.

हे टाळा:

– बीजगणितावर आधारलेलं फिजिक्स. फिजिक्स किंवा केमिस्ट्री मेजरला कॅल्क्युलसवालंच लागतं.
– एकाच विषयाच्या सलग कोर्सची मालिका दोन कॉलेजांत तोडणं. ऑरगॅनिकचे भाग दोन ठिकाणी केले तर ते जुळतीलच असं नाही.
– जनरल एज्युकेशन (सगळ्यांना लागणारे सामान्य विषय) आधी उरकणं. ट्रान्सफरला लागणारी 60 सेमिस्टर युनिट भरतात, पण मेजरचे कोर्स राहून जातात. विज्ञानाला निवडीत वजन त्यांचंच.

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून जपा. पुढे शंका निघाली तर तोच पुरावा. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो इथे प्रवेशहमीची टॅग योजना नाही. इतर सहा कॅम्पससाठी तिचा अर्ज सप्टेंबरमध्येच भरावा लागतो. बाकीचं काउन्सेलरला भेटाल तेव्हा विचारा, आणि असिस्टची छापील प्रत सोबत न्या.