पांढऱ्या चिलखताच्या मिनिएचरची (टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या सैनिक-पुतळ्यांची) अख्खी तुकडी झटपट कशी रंगवायची?

काळ्या प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या पायाच्या थरावर) ब्रशने पांढरा चढवत बसू नका. पांढऱ्या रंगाची झाकण्याची ताकद मुळातच कमी असते. थरावर थर द्यावे लागतात आणि बारीक नक्षी बुजते ती वेगळीच.

त्याऐवजी आधी फिकट राखाडी प्रायमर मारा. तो वाळला की साधारण २०-३० सेंमीवरून, फक्त वरच्या बाजूने पांढरा स्प्रे. सावल्या आपोआप तयार होतात, निम्मं काम इथेच संपतं. हवा दमट असेल तर स्प्रे पुढे ढकला, नाहीतर पृष्ठभाग खरखरीत होतो.

मग खाचांमध्ये पातळ निळसर-राखाडी वॉश, म्हणजे खोलगट जागी साचून सावली देणारा पाणीदार रंग. संपूर्ण अंगावर नको, फक्त सांध्यांत. सगळीकडे फासलात तर पांढरं मळकट दिसतं. सिटाडेल ब्रँडचा ‘अपोथेकरी व्हाइट’ हा कॉन्ट्रास्ट रंगही (एकाच थरात रंग आणि सावली देणारा) चालतो, पण सपाट भागावर त्याचं डबकं साचू लागलं तर ओल्या ब्रशने लगेच उचला. शेवटी पांढऱ्याचा हलका ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश वरवर फिरवणं), की कडा उठून दिसतात.

सांधे आणि बंदूक काळी ठेवा. त्या विरोधामुळेच चिलखत अधिक पांढरं भासतं, आणि खेळाच्या टेबलावर हातभर अंतरावरून बाकीचं कोण बघतंय!