होमस्टेड, मोंटा व्हिस्टा की आणखी कुठली? क्युपर्टिनोकडे येणाऱ्या पालकांसाठी

प्रश्न असा आहे : पुण्याहून जुलैत कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल-क्युपर्टिनो भागात येतोय, मुलगी नववीत जाणार, इथली पब्लिक हायस्कूल कशी असतात आणि रँकिंग बघून घर घ्यावं का?

माझी मुलगी इथल्या होमस्टेड हायस्कूलला चार वर्षं होती, त्यामुळे त्याच शाळेवरून सांगते.

इथे शाळा पत्त्यावर ठरते. डोनेशन नाही, प्रवेशपरीक्षा नाही, फी नाही. इथल्या सरकारी हायस्कूल चालवणाऱ्या फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टच्या पाच शाळा आहेत : फ्रीमाँट, क्युपर्टिनो, होमस्टेड, लिनब्रुक आणि मोंटा व्हिस्टा. भाड्याचं घर ज्या शाळेच्या हद्दीत, ती तुमची शाळा. यातली फ्रीमाँट हायस्कूल सनीव्हेलमध्ये आहे, खाडीपलीकडच्या फ्रीमाँट गावाशी तिचा संबंध नाही. आणि होमस्टेड क्युपर्टिनोत असली तरी सनीव्हेलची पुष्कळ मुलं तिथे जातात. घर बघताना एजंटच्या तोंडी माहितीवर विसंबू नका, डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर घरक्रमांक टाकून खात्री करा.

शाळेसाठी घर बदलण्याचा प्रकार आपल्या लोकांनी आणलेला नाही. स्टीव्ह जॉब्ज सातवीत असताना ‘या शाळेत परत जाणार नाही’ म्हणून अडून बसला, तेव्हा त्याच्या आईवडिलांनी होती नव्हती ती पुंजी घालून लॉस आल्टोसला घर घेतलं, कारण ते क्युपर्टिनोच्या शाळांच्या हद्दीत होतं. ॲपलची सुरुवात झाली म्हणून गाजलेलं ते गॅरेज याच घराचं. ती वसाहत आधी जर्दाळूची बाग होती. हा सगळा परिसरच तसा, जर्दाळू, प्लम आणि चेरीच्या बागांचा. १९५६ मध्ये लॉकहीड या विमान कंपनीचा क्षेपणास्त्रांचा कारखाना सनीव्हेलला आला, पाठोपाठ इंजिनिअर आले, बागा तोडून बैठी घरं उठली आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या : क्युपर्टिनो १९५८, होमस्टेड १९६२, लिनब्रुक १९६५, मोंटा व्हिस्टा १९६९. अकरा वर्षांत चार! पुढे मुलं कमी झाली आणि १९८१ मध्ये डिस्ट्रिक्टची सनीव्हेल हायस्कूल बंदही झाली.

होमस्टेडचं नाव निघालं की लोक जॉब्ज (१९७२ची बॅच) आणि ॲपलचा दुसरा संस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक (१९६८) सांगतात. मला मात्र त्यांचे इलेक्ट्रॉनिक्सचे मास्तर जॉन मॅकॉलम जास्त महत्त्वाचे वाटतात. नौदलात राहिलेला कडक माणूस. वर्गात शिकवतो ते वॉझनियॅकला आधीच येतंय हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी सिल्व्हेनिया कंपनीत शब्द टाकला आणि दर आठवड्याला त्याला तिथल्या कॉम्प्युटरवर काम करायला पाठवलं. साध्या सरकारी शाळेतल्या मास्तरांनी हे केलं. मुलीला असा एक शिक्षक भेटावा एवढीच इच्छा धरा. तो पाचही शाळांत भेटू शकतो.

आता मुलांचा दिवस. आपल्याकडची ‘नववी ब’ इथे नाही. तास बदलला की मुलं वर्ग बदलतात, शिक्षक आपल्या खोलीत बसून. गणिताला वेगळी मुलं, इंग्रजीला वेगळी. त्यामुळे बाकावरची मैत्रीण नावाची गोष्टच राहत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. माझी मुलगी पहिले दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत बसत होती, आणि घरी मात्र ‘सगळं छान आहे’ म्हणत होती.

तिला मार्चिंग बँडने वर काढलं. पुण्यात दोन वर्षं तबला शिकली होती, त्या जोरावर तालवाद्यांत घेतलं. शाळा सुरू होण्याआधी ऑगस्टच्या उन्हात सराव असतो. एकदा मी तिला घ्यायला जरा लवकर पोहोचले. डांबरावर आखलेल्या रेघा, प्रत्येकाजवळ कळशीएवढी पाण्याची बाटली, आणि शंभरेक मुलं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतायत : आठ पावलांत बरोबर पाच यार्ड. वाद्य हातात, पण वाजवायचं नाही, फक्त चालायचं आणि मोजायचं. एक सीनियर मुलगा माझ्या मुलीच्या टाचेकडे बोट दाखवून काहीतरी समजावत होता आणि ती मान डोलवत होती. मी गाडीतून उतरलेच नाही, तशीच बघत बसले. पुढे शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात ते सगळं मैदानावर उमटताना बघून तिची आजी टाळ्या वाजवून दमली.

बँडच नको असेल तर नाटक, रोबोटिक्स, पोहणं, वादविवाद, काहीही चालेल. शाळेचं वृत्तपत्र ‘द एपिटाफ’ मुलंच चालवतात, आणि मुख्याध्यापकांना न आवडलेली बातमी केवळ तेवढ्यासाठी रोखता येत नाही, १९७७ पासून राज्याचा तसा कायदा आहे. अशा उपक्रमांसाठी पैसे मागितले जातील, पण ती ऐच्छिक वर्गणी. सक्तीची फी कॅलिफोर्नियात बेकायदा आहे, संकोच करू नका. दुपारचं जेवण २०२२ पासून सगळ्यांना मोफत आहे.

रँकिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे : वरच्या क्रमांकाच्या शाळेसाठी महिन्याला हजार डॉलर जास्त भाडं भरू नका. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आता एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा बघतच नाही. पंधरा वार्षिक विषय लागतात, त्यात एक वर्ष कलेचं. आणि राज्यातल्या भाग घेणाऱ्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या ९ टक्के मुलांना ते त्यांच्या शाळेच्या संदर्भात जोखतात. जिथे प्रत्येक दुसरं मूल एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) विषय ढिगाने घेतं, तिथे त्या ९ टक्क्यांत येणं किती अवघड, विचार करा. अशा स्पर्धेत झोप उडालेली मुलं मी जवळून पाहिली आहेत.

येताना तिचे सातवी-आठवीचे निकाल, गणिताचा अभ्यासक्रम आणि लसीकरणाची नोंद घेऊन या. गणिताचा वर्ग ठरवताना अभ्यासक्रम दाखवाच. आम्ही दाखवला नाही, आणि मुलीने एक वर्ष येत असलेलंच पुन्हा केलं. सांता क्लारा काउंटीत क्षयरोगाच्या जोखमीचा फॉर्मही डॉक्टरांकडून भरून लागतो. भाडेकराराची प्रत हातात आली की लगेच नाव नोंदवा, म्हणजे बँडचा ऑगस्टमधला सराव तिला पहिल्या दिवसापासून मिळेल.