मोठ्या खेळाडूंचे बुद्धिबळाचे डाव फुकटात कुठे पाहता येतील?

लिचेस या बुद्धिबळाच्या मोफत संकेतस्थळावर. ॲनालिसिस बोर्ड उघडा, पुस्तकाचं चिन्ह दाबा, 'मास्टर्स' निवडा. 2200च्या वर रेटिंग (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) असलेल्यांचे 1952पासूनचे डाव तिथे आहेत. एखादी चाल खेळली की तिथून पुढे कोण काय खेळलं तेही दिसतं. ताजे डाव हवेत, तर 'द वीक इन चेस' हे संकेतस्थळ दर आठवड्याला पीजीएन फाइल (डावांच्या चाली लिहिलेली फाइल) देतं.

पण डाव नुसते भराभर सरकवू नका, रील पाहिल्यासारखं होतं ते. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025च्या महिला विश्वचषकात, जॉर्जियातल्या बातुमीला, कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये (बरोबरी सोडवायच्या जलद डावांत) हरवलं ना, तो डाव घ्या. पुढची चाल झाका, स्वतःची वहीत लिहा, मग बघा. माझा एका डावाला तास जातो.